गेसर राजा आणि त्याची ठिकाणं: खरी, मानलेली आणि चुकून चिकटलेली

पोथीपान

लडाखच्या धाग्यावर गेसरचा, म्हणजे तिबेटी महाकाव्याच्या नायकाचा, विषय तीनदा निघाला आणि तीनदा विषयांतर म्हणून बाजूला पडला, म्हणून हा वेगळा धागा. माहिती, दुरुस्त्या, प्रवासाचे तपशील सगळं इथेच टाका.

आधी नावाचं बघू. त्याच्या राज्याचं नाव तिबेटी लिपीत 'ग्लिङ' असं लिहितात आणि ल्हासाकडे त्यातला ग उच्चारत नाहीत. मराठीत 'लिंगचा राजा' लिहिलं की वाचणारा भलतीकडेच जातो, म्हणून मी 'लिङ' लिहितो. लडाखात आणि बाल्टिस्तानात त्याला केसर म्हणतात, मंगोलियात आणि बुर्यातियात गेसेर.

कथेचा सांगाडा असा. लिङमध्ये अंदाधुंदी माजली म्हणून पद्मसंभव या बौद्ध गुरूच्या योजनेनुसार एक देवपुत्र खाली येतो. बाप सेङलोन, आई नागकुळातली गोगमो. पोराचं नाव जोरू: शेंबडा, फाटक्या कातड्यातला, वात्रट. काका त्रोथुङला राज्य हवं असतं, त्यामुळे तो पोराला मारायचे डाव टाकतो. मायलेकरं हद्दपार होऊन पीत नदीच्या उगमाकडे, म्हणजे 'मा' खोऱ्यात जातात. बहुतेक पाठांत बाराव्या वर्षी जोरू घोड्यांची शर्यत जिंकतो. पणाला गादी आणि त्याची पुढे होणारी राणी द्रुग्मो, दोन्ही लागलेली असतात. तिथून तो गेसर. मग चार दिशांचे चार शत्रू: उत्तरेचा राक्षस लुत्सेन, होरचा गुरकार म्हणजे पांढऱ्या तंबूचा राजा, जाङचा सादाम आणि मोनचा शिङठी. त्यानंतर जिंकायचे अठरा किल्ले, आणि गाणारा थकेपर्यंत आणखी किल्ले.

'जगातलं सगळ्यात लांब महाकाव्य, दहा लाख ओळी' हे वाक्य कृपया इथे चिकटवू नका. एकाच प्रसंगाचे दहा गाणाऱ्यांचे दहा पाठ बेरजेत धरले की तो आकडा निघतो. इतका सलग मजकूर कुठेही नाही.

नकाशेवेडी

छान सुरुवात. ठिकाणांच्या बाबतीत पहिला घोळ होतो तो 'जन्मस्थान कुठलं?' या प्रश्नावर. चीनच्या सिचुआन प्रांतात, गार्जे विभागातल्या देगे तालुक्यात आशू नावाचं कुरण आहे, ते जन्मस्थान मानतात आणि तिथे गेसरचं मंदिर आहे. छिंगहाईतल्या गोलोकची माणसं म्हणतात गेसर आमचा. दोन्ही एका कथेत बसतात, कारण जन्म एकीकडे आणि हद्दपारीचा काळ दुसरीकडे. पीत नदीच्या उगमाजवळची क्यारिङ आणि ङोरिङ ही दोन मोठी सरोवरं 'मा' खोऱ्यात येतात. त्यातलं क्यारिङ द्रुग्मोच्या माहेराशी, क्यालो घराण्याशी जोडलेलं आहे. भांडण कथेत नाही, पर्यटन खात्याच्या पाट्यांत आहे.

देगेच्या ईशान्येला लिङछाङ नावाचं खरंखुरं छोटं संस्थान होतं. तिथले राजे स्वतःला गेसरच्या घराण्यातले म्हणवत. गेसरच्या कथेची गाजलेली तीन भागांची छापील लाकडी ठशांची प्रत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच लिङछाङच्या आश्रयाने तयार झाली.

कोरडापाऊस

गेसर होऊन गेला का? १०३८ ते १११९ अशा तारखा नेटवर दिसतात.

पोथीपान

त्याच्या हयातीत लिहिलेला एकही पुरावा त्या तारखांमागे नाही. नावाचा माग मात्र बराच जुना लागतो. आठव्या शतकात काबूलला 'फ्रोमो केसरो' नावाचा तुर्क शाही राजा होता, त्याची नाणी मिळाली आहेत. त्या नावाचा अर्थ 'रोमचा कैसर'. जुन्या तिबेटी लिखाणात 'फ्रोम गेसर' हा उत्तरेकडचा राजा म्हणून येतो. ते नाव भटकत भटकत लिङच्या नायकाला चिकटलं, असं बहुतेक अभ्यासक धरतात.

दुसरीकडे, तिबेटीत 'गेसर' म्हणजे फुलातला केसरही, आणि तो शब्द संस्कृतातूनच गेलेला. म्हणजे आपल्या दुधातलं केशर आणि हा राजा कानाला एकच वाटतात, पण राजाचं नाव आलं रोमवरून. 'कमळाच्या केसरातून जन्मला म्हणून गेसर' ही व्युत्पत्ती नंतर जुळवलेली आहे.

उत्तरायण

ल्हासामधलं गेसर मंदिर राहिलं. पोताला राजवाड्याच्या पश्चिमेला बारमारी टेकडीवर 'गेसर ल्हाखाङ' आहे. फोटोत लाल चेहऱ्याची, लांब दाढीची भव्य मूर्ती दिसते. गेसरचं सगळ्यात महत्त्वाचं मंदिर हेच असावं.

पोथीपान

उत्तरायण, नेमकं हेच शीर्षकातलं 'चुकून चिकटलेलं'. ते मुळात चिनी युद्धदेव ग्वान यू याचं देऊळ. १७९१ मध्ये गोरखा सैन्याने शिगात्सेचा ताशिल्हुन्पो मठ लुटला, त्यावर चीनच्या छिंग दरबाराने फुकांगआन या सेनापतीला धाडलं, आणि १७९२ मधल्या विजयानंतर हे देऊळ उभं राहिलं. सैन्याचा देव ग्वान यू म्हणून देऊळ त्याचं. ल्हासाच्या लोकांनी चिलखत आणि घोडा बघितला आणि म्हणाले, हा तर आपला गेसर. नाव रुजलं, नवसही सुरू झाले. मंगोलियातही ग्वान यूच्या देवळांना गेसेरची देवळं म्हणत. त्यामुळे 'खोटं देऊळ' असं मी म्हणणार नाही, पण लिङच्या कथेतलं ते ठिकाण नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. छातीपर्यंत दाढी, हातात लांब दांड्यावर चंद्रकोरीसारखं रुंद पातं, शेजारी दोन सेवक असतील तर ग्वान यू. गेसर घोड्यावर असतो, शिरस्त्राणावर छोटी निशाणं, उजव्या हातात उगारलेला चाबूक, डाव्या हातात झेंडा लावलेला भाला, कमरेला धनुष्य आणि बाण. सिंहावर बसलेला पिवळा देव हातात मुंगूस धरून असेल तर तो वैश्रवण, म्हणजे आपला कुबेर. पांढरा स्वार पांढऱ्या घोड्यावर दिसला तर तो बहुधा माचेन पोमरा हा पर्वतदेव. थांगका (कापडावरची धार्मिक चित्रं) विकणारे या चौघांनाही 'गेसर, गेसर' करतात.

घोड्याचं नाव क्याङगो कारकार. लडाखात चांगथांगला जे रानगाढवासारखं जनावर दिसतं त्या क्याङवरूनच हे नाव पडलंय.

उत्तरायण

मान्य. माझा फोटो काढून टाकतो.

मिठाचाखडा

जाङशी झालेलं युद्ध मिठावरून झालं, आणि त्या मिठाची जागा आजही चालू आहे. लोक नेमकी तीच वगळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाङ म्हणजे नाशी लोकांचा मुलूख. युन्नानमधल्या लिज्यांगचं तिबेटी नाव सादाम, तेच कथेतल्या राजाचं नाव. महाकाव्यात जाङचं सैन्य लिङच्या मीठसरोवरावर चालून येतं. लोककथेने हे भांडण नेऊन बसवलंय मेकाँग नदीच्या (तिथे तिला झाछू म्हणतात) काठावर, मारखाम तालुक्यातल्या छाखालो गावात. चिनी नाव यानजिंग, अर्थ 'मिठाची विहीर'. गेसर आणि नाशींचा राजा मिठासाठी इथे लढले असं तिथले लोक सांगतात. खालच्या यानजिंगमध्ये आजही नाशी वस्ती आहे. वरच्या यानजिंगमध्ये कॅथलिक चर्च आहे, ते वेगळंच प्रकरण.

मीठ कसं काढतात ते बघा. नदीच्या पात्रालगत खाऱ्या पाण्याच्या विहिरी आहेत. पाणी उपसून वरच्या टाक्यात साठवतात, ते जरा घट्ट होऊ देतात. डोंगर इतका उभा की सपाट जागाच नाही, म्हणून लाकडी खांबांवर फळ्यांचे माचे बांधतात, वर माती चोपून सपाट वाफा करतात आणि त्यात बोटभरसुद्धा नाही इतकं पातळ पाणी पसरतात. ऊन आणि खोऱ्यातला वारा दोन्ही मिळाले की दोन-तीन दिवसांत मीठ धरतं. मग लाकडी फावड्याने खरवडून टोपलीत निथळत ठेवतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांकडे. पाण्याच्या कावडी त्याच वाहत, मीठ विकायला खेचरं घेऊन पुरुष जात.

वाफ्यातून झिरपलेलं खारं पाणी माच्याच्या तळाला लोंबत्या मिठाच्या कांड्या करतं. त्याही काढून घेतात.

पूर्वेच्या काठावर मीठ पांढरं, पश्चिमेच्या काठावर लालसर. पाणी वेगळं असल्यामुळे नाही. पश्चिमेकडे वाफे लाल मातीने चोपलेले असतात, ती माती मिठात उतरते. लाल मीठ मुख्यतः जनावरांना आणि लोणी-चहात जातं.

बिघडतं ते दोन कारणांनी. माती नीट चोपली नाही की वाफा गळतो आणि माल सगळा खालच्या माच्यावर. आणि पावसाळ्यात नदी चढली की विहिरीच बुडतात, काम थांबतं. म्हणून मीठ बघायचं तर मार्च ते मे. वाराही तेव्हाच असतो आणि त्या दिवसांतल्या मिठाला 'पीचच्या फुलांचं मीठ' म्हणतात. जुलैत गेलात तर रिकामे माचे आणि गढूळ पाणी.

मारखाम तिबेट स्वायत्त प्रदेशात येतं. तिथे परदेशी माणसाला व्हिसाबरोबरच तिबेट प्रवास परवानाही लागतो, तो नोंदणीकृत एजन्सीमार्फतच निघतो आणि गाइड सोबत हवा. युन्नानमधून बसने हद्दीपर्यंत जाऊन 'बघू पुढे' करणारे तिथून परत पाठवले जातात.

नकाशेवेडी

मिठाचाखडा, जबरदस्त. परवान्याबद्दल पुरवणी: आशू, देगे, युशू, गोलोक ही ठिकाणं सिचुआन आणि छिंगहाईत आहेत, त्यांना तो तिबेट परवाना लागत नाही. पण काही तालुके परदेशी लोकांना अचानक बंद होतात, विशेषतः मार्चमध्ये. निघण्याआधी त्याच आठवड्यातली माहिती घ्या, गेल्या वर्षीची नको.

उंचीचं गणित: छिंगहाईची राजधानी शिनिंग साधारण २२०० मीटरवर आहे. युशूचा विमानतळ ३८०० मीटरच्या वर. शिनिंगहून थेट विमानाने युशू गाठलं की पहिल्या रात्रीच डोकं ठणकायला लागतं. शिनिंगला दोन रात्री काढा, मग रस्त्याने टप्प्याटप्प्याने चढा. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. लेहला थेट उतरून दुसऱ्या दिवशी खारदुंगला करणाऱ्यांना हे पटत नाही. तिथे निभावलं म्हणून इथेही निभावेल असं धरू नका. इथे मोठं हॉस्पिटल एका दिवसाच्या रस्त्यावर असू शकतं.

युशू भागातल्या नाङछेन तालुक्यात ताना मठ आहे, येल्पा काग्यू परंपरेचा. तिथे गेसरची म्हणून जपलेली शस्त्रं आहेत, आणि त्याच्या तीस वीरांचे मानलेले स्तूप. इमारती मठाच्या इतिहासाशी जुळतात, वीरांशी नातं श्रद्धेचं. दोन्ही वेगळं ठेवून बघितलं तर जागा जास्त कळते.

डोंगरतुरा

आमन्ये माचेनबद्दल कोणीच लिहिलं नाही? गोलोकमधला ६२८२ मीटरचा पर्वत. देव माचेन पोमरा, गेसरचा पाठीराखा. गेसरची तलवार या पर्वतात ठेवलेली आहे असं मानतात. प्रदक्षिणा साधारण १८० ते २०० किलोमीटर, चालत सात ते दहा दिवस. बौद्ध उजवीकडून घालतात, बोन पंथाचे डावीकडून. साष्टांग दंडवत घालत जाणाऱ्यांना दोन महिनेही लागू शकतात.

अश्ववर्षात गर्दी उसळते, कारण त्या वर्षीच्या प्रदक्षिणेचं पुण्य जास्त. २०१४ झालं, नंतरचं २०२६, लोसार म्हणजे तिबेटी नववर्ष १८ फेब्रुवारीपासून. चालायला जुलै ते सप्टेंबर बरा, तरी बर्फ कधीही पडतं. मे-जूनमध्ये यार्सागुंबाचा, म्हणजे अळीबुरशीचा हंगाम असतो, त्या वेळी बाहेरच्यांवर करडी नजर असते. चालणाऱ्याला खरा त्रास कुत्र्यांचा. मेंढपाळांच्या तंबूपासून लांबून जा, काठी हातात ठेवा, पळू नका, वाकून दगड उचलल्याचं नाटक केलं तरी बरीचशी थांबतात.

एक गंमत: १९४९ मध्ये लेनर्ड क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने या पर्वताची उंची ९०४१ मीटर मोजली. एव्हरेस्टहून उंच! चूक पावणेतीन किलोमीटरची.

कोरडापाऊस

गाणाऱ्यांबद्दल कोणी लिहील का? पाठांतर करतात की सुचतं?

पोथीपान

दोन्ही प्रकार आहेत. ऐकून शिकलेले ते 'थोइडुङ'. ज्यांच्यावर कथा 'उतरते' ते 'बाबडुङ'. यांची हकिगत बहुधा सारखीच असते: लहानपणी आजारपण, लांब स्वप्न, मग लामाने 'नाड्या उघडल्या' आणि तोंडातून कथा सुरू. तिसरा प्रकार तांब्याच्या आरशात बघून सांगणाऱ्यांचा. डाकपा (१९०६ ते १९८६) आणि सामडुप (१९२२ ते २०११) या दोघांची गाणी मोठ्या प्रमाणावर ध्वनिमुद्रित झाली. डाकपांचे सुमारे २५ भाग झाले आणि ते गेले. २००९ मध्ये ही परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

रचना कान देऊन ऐका. निवेदन गद्यात, आणि पात्र बोलायला लागलं की गाणं, बहुतेक सात अक्षरांच्या ओळी. प्रत्येक गाण्याची सुरुवात 'आलाला… थालाला' अशी. मग देवांना हाक. मग ठरलेल्या ओळी, साधारण अशा: 'ही जागा ओळखली नसेल तर ऐक, ही अमुक खिंड. मला ओळखलं नसेल तर ऐक, मी अमक्याचा तमका.' त्यानंतर खरं बोलणं, आणि शेवटी 'कळलं तर कानाला गोड, न कळलं तर पुन्हा सांगणार नाही' छापाचा समारोप. तिबेटी येत नसलं तरी 'आलाला' ऐकू आलं की पात्र बदललं हे कळतं.

ठिकाणं का चिकटतात त्याचं उत्तर या 'ही जागा ओळखली नसेल तर' ओळीत आहे. गाणाऱ्याला तिथे दर गाण्यात एक नाव भरावंच लागतं. समोरच्या श्रोत्यांना माहीत असलेली खिंड भरली की मैफल रंगते. दोनशे वर्षं असं भरत गेलं की प्रत्येक खोऱ्यात गेसरचं खोगीर, गेसरच्या घोड्याचा खूर, गेसरची चूल सापडते.

मिठाचाखडा

बरोब्बर. शाहिराला गावाचं नाव पोवाड्यात घालायला सांगतात तसंच.

रानजाई

धूपविधीबद्दल लिहिते. गेसरच्या ठिकाणी भाविक मुख्यतः तोच करतात, आणि बाहेरचे लोक चुका तिथेच करतात. जू मिफाम (१८४६ ते १९१२) या तिबेटी बौद्ध पंडितांनी गेसरला उद्देशून अशा बऱ्याच प्रार्थना लिहिल्या, त्याच म्हणतात.

'साङ' म्हणजे धूर. ज्वाळा दिसली तर साङ बिघडला. आधी सुक्या काटक्यांचे निखारे करायचे, मग वर हिरवा जुनिपर (लडाखात शुक्पा), म्हणजे दाट पांढरा धूर निघतो. त्यावर लोण्यात मळलेलं सत्तू, 'तीन पांढरी' म्हणजे दूध, दही, लोणी, आणि 'तीन गोड' म्हणजे साखर, मध, गूळ. चिमूटभर पुरतं. लोणी जास्त झालं की काळा तेलकट धूर निघतो. शेवटी पानाने तीनदा पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, निखारे विझतात. मांस, कांदा, लसूण जवळही नको. तोंडाने फुंकर घालत नाहीत. 'की की सो सो ल्हा ग्यालो' म्हणत सत्तूची चिमूट हवेत उडवतात.

लडाखात एक जास्तीची काळजी. तिथे जुनिपर दुर्मीळ आहे आणि जुनी झाडं देवाची मानतात. फांदी तोडू नका, बाजारात वाळलेला पाला मिळतो तो घ्या.

पताका लावायच्या तर रंगांचा क्रम निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा. जमिनीवर टेकवायच्या नाहीत. आणि तिबेटी पंचांगात काही तिथ्या पताका लावायला वर्ज्य असतात, मठात विचारून घ्या.

उत्तरायण

ज्यांना चीनला जाणं जमणार नाही त्यांनी काय बघावं?

नकाशेवेडी

लडाख. खालच्या लडाखातल्या खालत्सेला फ्रांके या मोरेव्हियन मिशनऱ्याने केसरची कथा उतरवून घेतली, ती कलकत्त्याहून १९०५ पासून भागाभागाने छापली गेली. तिबेटी पाठापेक्षा ती आटोपशीर आणि घरगुती आहे. द्रुग्मो तिथे ब्रुगुमा होते, काका त्रोथुङ आगू ख्रोमो. ही हिवाळ्याची कथा. जूनमध्ये जाऊन 'केसर सांगा' म्हटलं तर शेतात कामाला जुंपलेला माणूस हसेलच. जानेवारी-फेब्रुवारीत, बुखारीभोवती (घरातल्या शेगडीभोवती), विचारावं.

डोंगरतुरा

आणि ताबारेषेपलीकडे हुंझा. तिथे कथा मुसलमान गाणारे सांगतात, भाषा बुरुशस्की, नायक किसर. करीमाबादच्या वर अल्तार शिखराजवळ एक सुळका आहे, बुब्युलीमोतिन. बाकी सगळीकडे बर्फ, हा एकटा उघडा काळा, इतका उभा की बर्फ टिकतच नाही. किसरने पहिल्या बायकोला सोडवायला जाताना दुसरीला, बुब्युलीला, तिथे बसवलं. सोबत एक कोंबडा आणि बाजरीसारख्या धान्याची गोणी. कोंबड्याला वर्षाला एक दाणा घाल, गोणी संपली की मी येतो, असं सांगून गेला.

कोरडापाऊस

गोणी किती किलोची होती?

मिठाचाखडा

बाजरीच्या शंभर दाण्यांचं वजन एक ग्रॅम धरा. पन्नास किलोच्या गोणीत पन्नास लाख दाणे. तेवढी वर्षं.